थोडा लंबा खेळ

१

रविवारी आंघोळ उरकली की मंदार गच्चीलगतच्या खोलीत जायचा आणि आधी कापूस नि स्पिरिट घेऊन बसायचा. टेबलावरचा जुना संगणक त्याच्या वडिलांनी, अनंतरावांनी, तो शाळेत असताना मुंबईहून आणलेला. काळी चपटी पेटी, तिच्यावर रबरी बटणं, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि खेळ कॅसेटमधून चढवायचे. कॅसेट सुरू केली की टीव्हीवर रंगीत पट्टे धावायचे आणि यंत्र चिरकत राहायचं, चहा उकळून पिऊन होईपर्यंत. शुभदा, त्याची बायको, त्या आवाजाला 'तुझी मांजरं' म्हणायची.

मंदार एकेक बटण पुसायचा, कापूस मळला की बदलायचा. स्वच्छतेचं त्याला वेडच होतं. लग्नाच्या पंगतीत तो स्वतःचा पेला घेऊन जायचा. लोहाऱ्याच्या ज्या कारखान्यात तो हिशेब पाहायचा, तिथे कुणी पाकिटाची कड जिभेवर फिरवून ते चिकटवलं, तर ते पाकीट तो दुसऱ्या टोकाला दोन बोटांनी धरून उचलायचा. सगळे हसायचे. त्याला पर्वा नव्हती.

पुसून झालं की मोबाईल तिवईवर लावून तो व्हिडिओसाठी बोलायला बसायचा. या संगणकावरचे जुने साहसी खेळ कुणी कोणत्या क्रमानं खेळावेत, हे तो मराठीतून सांगत असे. चित्रं नसलेले, नुसते इंग्रजीत लिहून येणारे खेळ. तू एका खोलीत आहेस, उत्तरेला दार आहे, जमिनीवर कंदील पडलाय. मग आपण टाईप करायचं : उत्तरेला जा, कंदील उचल. यंत्र पुढची खोली सांगतं. कुठला खेळ सरळ आहे, कुठला उगाच जीव घेतो, कुठे अडलात तर काय करायचं, हे सगळं मंदारला तोंडपाठ होतं. ऐकणारे मोजकेच, पण घरात असा संगणक पडून असलेले लोक शोधत शोधत त्याच्यापर्यंत यायचे.

तसाच एका रविवारी पुंडलिकरावांचा फोन आला. नेरजवळच्या एका गावात त्यांची कपाशी-तुरीची शेती. धाकटा भाऊ घनश्याम मास्तर होता, त्यानं नागपूरहून असाच संगणक आणला होता. भाऊ वारला, संगणक राहिला. आता तो चालू आहे आणि घरात एकाला खेळांची गोडी लागलीय. भावाच्या होत्या त्या कॅसेट संपल्या. पुढे कोणता खेळ द्यावा?

मंदार हरखून गेला. खेळणाऱ्याचं वय काय, असं त्यानं विचारलं. 

"लहान नाही म्हणता येत," पुंडलिकराव म्हणाले. "पण ते वाचते बराबर."

ते म्हणजे लेकरूच असणार, असं मंदारनं धरलं. वऱ्हाडात लेकराला 'ते'च म्हणतात. त्यानं 'दीपगृह' सुचवला. नवख्यासाठी त्याहून चांगला खेळ नाही. दोन शब्दांत बोललेलं यंत्राला कळतं, नि चूक झाली तर लगेच मरण येत नाही. त्यानं कॅसेटची नक्कल केली, बॉलपेननं नाव लिहिलं आणि नेरच्या बसच्या ड्रायव्हरकडे पुडकं सोपवलं.

२

'दीपगृह' लगेच संपला. मंदारनं 'राजवाड्याचं तळघर' पाठवला, तोही संपला. पोरगं हुशार आहे, असं त्यानं शुभदाला कौतुकानं सांगितलं.

परत मागितल्या नसतानाही पुंडलिकरावांनी दोन्ही कॅसेट बसनं परत धाडल्या. स्टँडवर पुडकं हातात घेतलं तेव्हा ते ओलसर लागलं. उन्हाळा नुकता लागलेला, हवा कोरडी खणखणीत. कुणाची पाण्याची बाटली सांडली असेल, म्हणून मंदारनं ते तसंच घरी आणलं आणि खोलीत उघडलं.

कॅसेटवरची शाई गेली होती. पुसट झाली नव्हती, साफ गेली होती. कागदाची चिठ्ठीही गुळगुळीत, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी झाली होती. प्लास्टिकच्या कडा गोल वाटत होत्या. फीत एका जागी बाहेर आली होती आणि तेवढीच मऊ, फुगलेली. सगळ्यावर एक पातळ साय चढलेली. बोट लावलं तर चिकटलं, उचललं तर तार आली.

पोराच्या डोक्याला तेल असेल, मंदार मनाशी म्हणाला. तेलकट हात. किंवा आंब्याचा रस. मग त्यानं नाकाशी नेलं. अवकाळी पावसात भिजलेला सोयाबीनचा ढीग आतून तापून कुजतो, तसा वास होता. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, ओळखीचा. तो कशाचा हे त्याला सुचेना. संध्याकाळी गुंजन, त्याची मुलगी, अभ्यास करताना बोट जिभेला लावून पान उलटत होती. त्यानं ते पाहिलं आणि त्याला कळलं. वाळलेल्या थुंकीचा वास होता तो.

त्यानं दोन्ही कॅसेट कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले.

३

पुंडलिकरावांचे फोन वाढले. बोलणं तेवढंच, पण आवाज दर वेळी थकलेला. थोडा लंबा खेळ सांगा, भाऊ, हा लवकर संपते. मंदारनं कॅसेट परत पाठवू नका असं बजावलं आणि 'बर्फातलं घर' पाठवला. शाळेत असताना तो सोडवायला त्याची स्वतःची अख्खी उन्हाळ्याची सुटी गेली होती. आठवडा व्हायच्या आत फोन आला. या वेळी बाई बोलत होत्या, विमलताई, पुंडलिकरावांच्या पत्नी.

"भाऊ, जो सरतच नाही असा सांगा न एखादा."

मंदार हसून म्हणाला की काकू, एवढी घाई कशाला, पोराला थोडं बाहेर खेळायलाही पाठवा.  तेवढ्यात त्याला पलीकडे, त्यांच्या मागून, एक आवाज ऐकू आला. रबरी बटणांचा आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. बोटाखाली ती ठक्-ठक् करत नाहीत, दबून हलकंसं टप् करतात. हा तसा नव्हता. गाय नव्या वासराला चाटते, तसा तो होता. चप्. मग जरा थांबून, चप्. आणि दर वेळी त्याच्या शेवटी ते हलकं टप्.

"कोण खेळतंय काकू?" त्यानं विचारलं.

"तुम्ही येऊन जा एकदा," विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मनात आणलं असतं तर हा नंबर बंद करता आला असता. तसं त्यानं ठरवलंही. पण ते चप्-टप् कानात राहून गेलं, जेवताना सुद्धा. वरणाचा भुरका मारणाऱ्या गुंजनवर तो विनाकारण खेकसला. एकदा जाऊन पाहावं, आजारी मूल असेल, अपंग असेल, म्हणजे डोक्यातलं हे घाणेरडं चित्र तरी जाईल, असा विचार करून तो सुटीच्या दिवशी सकाळच्या बसनं निघाला.

४

नेरच्या स्टँडवर पुंडलिकराव मोटरसायकल घेऊन उभे होते. साठी उलटलेला सरळ, कमी बोलणारा माणूस. वैशाखाचं ऊन कडाडलं होतं आणि त्यांच्या चपलांत लोकरीचे मोजे होते. मधुमेह असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल, मंदारनं स्वतःला समजावलं.

घर गावाच्या कडेला, स्लॅबचं, निळ्या रंगाचं. अंगणात पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग, पोर्चमध्ये नवाकोरा इन्व्हर्टर. दारात विमलताई. त्यांच्याही पायांत मोजे. आत सतरंजीवर त्यांची नात खुशी आंब्याची फोड खात बसली होती. आईबाप पुण्याला नोकरीला, पोरगी इथे. तिच्या पायांत मोजे होतेच, पण हातांतही होते, मनगटाशी नाडीनं घट्ट बांधलेले. आंब्याच्या रसानं मोज्यांची टोकं पिवळी, चिकट झाली होती. ती तशीच खात होती. सवयीचं झालेलं दिसत होतं.

मंदारला आश्चर्य वाटलं ते स्वच्छतेचं. फरशी आरशासारखी. फळीवरची भांडी अशी लखलखत होती की त्यांवर कोरलेली नावंसुद्धा घासून घासून गेली होती. कुणाकडे पाणी न पिणारा माणूस, पण त्या घरात त्याला बरं वाटलं. विमलताईंनी चहा दिला, तो त्यानं निश्चिंतपणे पिऊन टाकला.

कप परत घेताना त्यांचा हात त्याच्यापुढे आला. तळव्यावर रेषा नव्हत्या. एकही नव्हती. बोटांची पेरंही सपाट, चकचकीत, गुलाबी. भाजून बरं झालेल्या कातडीसारखी. त्याची नजर कुठे आहे हे त्यांनी पाहिलं, पण हात मागे घेतला नाही.

"खेळ संपला का ते बाहेर येते," त्या म्हणाल्या. "काही मारत नाही. चावत नाही. झोपल्यावर पायापाशी येते, हातापाशी येते. सकाळी उठून पाहाव तं असं."

मंदार पुंडलिकरावांकडे वळला. हे थट्टा करणारं घर नव्हतं, पण कुणीतरी एकानं तरी हसावं असं त्याला फार वाटलं. पुंडलिकराव जमिनीकडे पाहून सांगत गेले. संगणक बंद केला तर ते बाहेर येतं. लाईन गेली तरी येतं, म्हणून इन्व्हर्टर घेतला. पांढरकवड्याला मुलीकडे, निकिताकडे, सगळे राहायला गेले होते, तर दुसऱ्या सकाळी निकिताच्या मोरीतली उष्टी भांडी लख्ख झालेली. तेव्हा ते परत आले. खुशीला पुण्याला पाठवायची हिंमत होत नाही. तिच्या मागे गेलं तर? खेळ चालू असला की मात्र ते जागचं हलत नाही. भावाचा आत्मा म्हणावं, तर तसंही नाही.

"तो घनश्याम नाही," ते म्हणाले. "भावाले वळखणार नाई का मी?"

मंदारला फळीवरची भांडी दिसत होती. त्याच्या मनात एक प्रश्न आला आणि तो विचारू नये असं त्याला वाटलं, तरी त्यानं विचारला. काकू, भांडी कोण घासतं?

विमलताईंनी रिकामा कप पदराखाली घेतला. "बऱ्याच दिवसांपासून म्या नाही घासली," त्या म्हणाल्या.

५

मंदार उठला. मला पाहायचंय, असं म्हणाला. खोलीचं दार उघडायला पुंडलिकराव तयार होईनात. त्यांनी त्याला घराच्या मागे नेलं. खिडकीत बंद पडलेला कूलर बसवलेला, आणि कूलर नि चौकट यांच्यात हातभर उंचीची फट. तुमचा खेळ 'बर्फातलं घर' भावाच्या यंत्रात पुन्हा पहिल्यापासून लावून दिलाय, पण सोडवलेला खेळ आहे, फार वेळ टिकणार नाही, असं ते हळूच म्हणाले आणि स्वतः लांब, पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ जाऊन थांबले.

मंदारनं रुमाल नाकाला लावला आणि फटीशी डोळा नेला. भर दुपारच्या उन्हातून पाहिल्यामुळे आधी फक्त टीव्ही दिसला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, ओळखीची वाक्यं. ती वाचून त्याला क्षणभर धीरही आला. मग टेबल दिसलं. टेबलावर हात नव्हते. हात जिथे असायला हवेत तिथे नुसतं ओलं लाकूड, उजेडात चमकणारं. यंत्रावर काहीतरी इतकं खाली वाकलं होतं की ते त्यावर डोकं टेकून झोपलंय असं वाटावं. केस नव्हते. मानेसारखी काहीतरी जागा होती, ती हलत होती, गिळत असल्यासारखी.

त्याखालून जीभ बाहेर आली. गाईची असते तेवढी रुंद, करडी, टोकाला मात्र बारीक. ती बटणांवरून सरकत गेली. घाई नाही, चुकणं नाही. बटणांवर अक्षरं उरली नव्हती. सगळी बटणं गुळगुळीत, सारखी. तरी तिला नेमकं बटण सापडलं. चप्. टप्. जीभ उचलली, तार लांबली, तुटली. पडद्यावर एल उमटला. मग ओ. मग आणखी एक ओ. मग के.

पाहा.

हे तर सगळेच टाईप करतात, मंदार स्वतःला सांगत होता. खोलीत आलं की पहिलं तेच टाईप करायचं, मीच शिकवतो लोकांना. पडद्यावर यंत्राचं उत्तर येत होतं, बर्फ, बंद खिडकी, पण ते डोकं उत्तर वाचत नव्हतं. ते टेबलावरून सावकाश उचललं जात होतं, आणि कूलरच्या बाजूला वळत होतं.

पूर्ण वळेपर्यंत तो थांबला नाही. पऱ्हाट्यांच्या ढिगाशी तो ओकला. चहा बाहेर आला, तरी ओकारी थांबेना. पुंडलिकराव पाठीवर हात फिरवायला आले, तर त्यानं अंग चोरून घेतलं, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं दुःख पाहून त्याला स्वतःचीही किळस आली.

६

परतीच्या बसमध्ये त्यानं खिडकीच्या दांड्यालासुद्धा हात लावला नाही. त्या घराशी संबंध संपला, असं तो ठरवत होता. पण डोळे मिटले की पिवळ्या टोकांचे मोजे दिसायचे. रात्री झोपेत ते सुटले तर?

खेळ तर एक होता. 'मिठागर'. मंदारनं तो कधीच कुणाला सुचवला नव्हता, उलट त्यापासून दूर राहा असंच सांगितलं होतं. समुद्रकाठची मिठाची आगरं, एकासारखं एक, कुठून आलो ते कळू नये अशी. शेवटी एक दार. त्या दाराची किल्ली खेळात कुठेच नाही. बनवणारा ती ठेवायलाच विसरला होता. लोकांनी वर्षानुवर्षं शोधली, मग कुणीतरी आतला मजकूर उलगडून पाहिला तेव्हा हे कळलं. अप्रामाणिक खेळ, असं मंदार म्हणायचा. ज्याचा शेवटच नाही तो कुणाच्या हातात देऊ नये.

त्यानं नक्कल केली आणि दुसऱ्या दिवशी पुडकं नेरच्या बसमध्ये ठेवलं.

मग फोन आला नाही. पहिल्यांदा त्याला त्याचीच भीती वाटली, नंतर सवय झाली. बऱ्याच दिवसांनी पुंडलिकरावांनी कळवलं की ते हललेलं नाही, खोलीतून सारखा आवाज येतो. आणि काल विमलनं स्वतःच्या हातानं भांडी घासली, राखेनं.  खुशीच्या हातातले मोजे काढलेत, असंही ते म्हणाले. त्या रविवारी मंदारनं शुभदाला बाहेर जेवायला नेलं, आणि हॉटेलच्या पेल्यातून पाणी प्यायला. शुभदा बघतच राहिली.

७

आषाढ लागला तेव्हा दिवेलागणीला फोन वाजला. विमलताई होत्या.

"ते अडलं," त्या म्हणाल्या. "दारापाशी अडलं. तुम्हाले विचारून राह्यलं."

"बोलतं ते?"

"बोलत नाही. पण विचारते." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आज दार उघडून उंबऱ्यापर्यंत आलं. खुशी माझ्यापाशी हाय. मी फोन खाली ठेवते, भाऊ. तुम्ही सांगा काही."

मंदारला नको म्हणायलाही वेळ मिळाला नाही. फोन फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग काहीतरी ओलं, जड, फरशीवरून जवळ आलं आणि फोनपाशी थांबलं. श्वास नव्हता. फक्त तोंड उघडं ठेवल्यावर येतो तसा एक बारीक, चिकट आवाज. वाट पाहणारा. अडलेले लोक त्याच्याकडे यायचे आणि तो सांगायचा. इतकी वर्षं त्यानं तेच तर केलं होतं. खरं सांगितलं, की किल्लीच नाही, तर खेळ तिथेच संपला.

"पश्चिमेकडच्या आगरात परत जा," तो म्हणाला. आपला आवाज व्हिडिओत असतो तसा समजावणारा लागलाय, हे ऐकून त्याला शिसारी आली. "तिथलं मीठ उकरून पाहा. सगळीकडचं. किल्ली तिथेच आहे."

ते हललं नाही. विचार करत असावं. मग कानाशी, अगदी कानाशी, चप्.

त्यानं मोबाईल फेकून दिला. कान ओला होता. घाम आहे, तो म्हणाला, पावसाळी उकाडा आहे. मोरीत जाऊन त्यानं साबण लावला, स्पिरिट लावलं, कातडी लाल होईपर्यंत घासलं. तरी तो सोयाबीनचा वास जाईना. उशिरा विमलताईंचा निरोप आला : ते परत बसलं. आवाज चालू झाला.

त्यानंतर ते दर दोन-चार दिवसांनी अडू लागलं. दिवेलागणीलाच. मंदार पूर्वेचं आगर सांगे, बांधाखालची वाळू सांगे, भरतीची वाट पाहा सांगे. खोट्या खुणा रचायला तो आता कारखान्यातही बसू लागला होता. व्हिडिओ बंद पडले. गच्चीलगतच्या खोलीला त्यानं कुलूप लावलं होतं. जेवण जाईना; शुभदानं डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर ॲसिडिटी आहे म्हणाला. फोन घेऊ नये, असं त्याला रोज वाटे. मग खुशीचे उघडे हात आठवत.

श्रावणातल्या एका संध्याकाळी शुभदा त्याच्या केसांना कलप लावत होती. तिचा हात थांबला. तिनं त्याचं डोकं दिव्याकडे वळवलं.

"तुझा हा कान असा काय झालाय रे?" ती म्हणाली. "याच्या घड्या कुठे गेल्या?"

तिनं बोट फिरवून पाहिलं आणि झटकन काढून घेतलं. ते बोट ती साडीला पुसत असताना टेबलावर फोन वाजायला लागला. नाव पुंडलिकरावांचं होतं. मंदार थोडा वेळ नुसता बघत बसला. शुभदानं विचारलं, घेत का नाहीस? मग त्यानं तो उचलला आणि दुसऱ्या कानाला लावला.